मेंढीला कडू लागते तेव्हा

आपण दारव्हा तालुक्यातून विचारले आहे की, आपल्या वाड्यात 45 मेंढ्या आणि 8 शेळ्या आहेत. कडुलिंबाची फांदी टाकली तर शेळ्या ती ओरबाडून खातात आणि मेंढ्या हुंगून मागे सरतात. उन्हाळ्यात खर्च वाचावा म्हणून आपण सरकीच्या ढेपेत निंबोळी पेंड मिसळून दिली, तेव्हा मेंढ्यांनी दोन दिवसांत ढेपच सोडली, आणि आता साधी ढेप ठेवली तरी निम्म्या मेंढ्या गव्हाणीला तोंड लावत नाहीत. यावरून आपला प्रश्न असा की, मेंढीला कडू चव नेमकी किती कळते, तिला कडू खाद्याची सवय लावता येते काय, आणि कडू वनस्पती ती स्वतःहून टाळत असेल तर चराईतल्या विषारी झुडपांची एवढी धास्ती बाळगण्याचे कारण काय.

पशुवैद्यकीय सेवेतील माझी 31 वर्षे यवतमाळ, वाशीम आणि वर्धा या जिल्ह्यांत गेली, आणि त्यातला बराच काळ धनगरांच्या वाड्यांवर. त्या आधारावर पहिल्या प्रश्नाचे उत्तर देतो. मेंढीला कडू कळते, आणि चांगले कळते. परंतु कडू लागले की मेंढी ती वस्तू सोडून देते, हा आपल्याकडचा समज अर्धाच खरा आहे. कडू चवीने मेंढीचे खाणे मंदावते, ती लहान घास घेते, थांबते, दुसरीकडे तोंड घालते. पुढे ती वस्तू कायमची सोडायची की हळूहळू वाढवायची, हे मात्र तिचे पोट, लहानपणी आईजवळ झालेली तिची ओळख आणि त्या दिवशीची भूक यांवर ठरते. आपले तिन्ही प्रश्न या एकाच मुद्द्याशी येऊन मिळतात.

आधी शब्दांचा थोडा घोळ निस्तरला पाहिजे, कारण शेतकऱ्यांशी बोलताना तो नेहमी आड येतो. बाभळीचा पाला, बोरीचा पाला किंवा हिरडा यांना आपण बोलण्याच्या ओघात कडवट म्हणतो, पण त्यांची मुख्य चव तुरट असते. आयुर्वेदातील सहा रसांत तिक्त म्हणजे आपले कडू आणि कषाय म्हणजे तुरट, असे दोन वेगळे रस सांगितले आहेत (तिथला ‘कटु’ हा शब्द मराठी कडूसारखा दिसत असला तरी त्याचा अर्थ तिखट असा आहे). हा भेद मेंढीच्या बाबतीतही उपयोगी पडतो. तुरटपणा टॅनिनमुळे येतो. टॅनिन लाळेतील प्रथिनांना बांधून टाकते, तोंड कोरडे पडते आणि घास गिळणे जड जाते. कडवटपणा मात्र जिभेवरील चवीच्या कळ्यांतील विशिष्ट ग्राहक प्रथिनांमुळे कळतो, आणि तो निर्माण करणारे पदार्थ अनेक जातींचे आहेत: अल्कलॉइड, ग्लुकोसाइड, सॅपोनिन, काकडीवर्गातील कुकुर्बिटासिन, कडुलिंबातील लिमोनॉइड. हे पदार्थ झाडे बहुधा स्वतःच्या रक्षणासाठीच बनवतात, आणि त्यांतले पुष्कळ विषारी असतात. म्हणून सस्तन प्राण्यांत कडू चव ही धोक्याची सूचना म्हणून घडत गेली, असे मानले जाते.

सूचना आली म्हणून प्राणी लगेच पळत सुटत नाही. मांस खाणाऱ्या प्राण्याला कडू लागले तर त्याला दुसरी शिकार शोधता येते, परंतु ज्याचे सगळे पोट झाडपाल्यावर भरायचे आहे त्याने प्रत्येक कडू पान नाकारायचे ठरवले तर तो उपाशीच मरेल. त्यामुळे वनस्पती खाणाऱ्या प्राण्यांची कडू सहन करण्याची पातळी सर्वसाधारणपणे वरची असते, आणि त्यांच्यातही गवत खाणारे व पाला खाणारे असा फरक पडतो. गवतात कडू पदार्थ तुलनेने कमी आणि झुडपांच्या पाल्यात अधिक असतात. गाय मुख्यतः गवतावर जगते, शेळी पाल्यावर, आणि मेंढी या दोघींच्या मध्ये, पण गवताकडे अधिक झुकलेली. चवीच्या चाचण्यांतही कडू सहन करण्यात शेळी पुढे आढळली आहे. तेव्हा आपल्या वाड्यातील कडुलिंबाच्या फांदीवर शेळ्या तुटून पडल्या आणि मेंढ्या मागे सरल्या, यात मेंढ्यांची खोड नाही. त्यांच्या जातीचाच तो स्वभाव आहे.

या चाचण्या करण्याची रीत साधी आहे आणि ती आपणही वाड्यात करून पाहू शकता. जनावरासमोर दोन भांडी ठेवतात, एकात साधे पाणी आणि दुसऱ्यात मोजून कडू पदार्थ मिसळलेले पाणी. प्रयोगशाळेत त्यासाठी बहुधा क्विनीन वापरतात. दिवसाअखेर कोणत्या भांड्यातले किती संपले ते मोजायचे. दोन्हीकडून साधारण सारखे प्यायले तर जनावराला फरक कळला नाही किंवा कळूनही त्याने पर्वा केली नाही. कडू भांड्यातील पाणी स्पष्टपणे कमी संपले तर नापसंती ठरली. यात एक खबरदारी घ्यावी लागते, ती म्हणजे भांड्यांची जागा रोज बदलणे. मेंढी जागेची फार पक्की असते, आणि डावीकडच्या भांड्याची सवय लागली तर तिची चव समजायची सोडून आपण तिची सवयच मोजत बसतो. खाद्याच्या बाबतीत हीच पद्धत दोन घमेल्यांनी करता येते. निंबोळी पेंड मिसळण्याआधी आपण हे चार दिवस केले असते, तर ढेपेचे नुकसान टळले असते.

प्रयोगशाळेबाहेरचा, थेट चराईतला एक जुना दाखला या ठिकाणी सांगण्यासारखा आहे. उत्तर अमेरिकेत रीड कॅनरी नावाचे एक जोमदार गवत चाऱ्यासाठी लावतात. त्याच्या काही वाणांवर मेंढ्या नीट चरत नसत. पाहणीत असे निघाले की ज्या वाणात अल्कलॉइड जास्त त्याला मेंढ्यांची पसंती कमी, आणि हा संबंध इतका सरळ होता की पुढे कमी अल्कलॉइडचे वाण मुद्दाम निवडून काढण्यात आले. म्हणजे हिरव्यागार कुरणातसुद्धा मेंढी एकाच गवताच्या दोन वाणांमधला फरक जिभेने ओळखते आणि त्याप्रमाणे कमीअधिक खाते.

आता मेंढी नवीन कडू वस्तूशी प्रत्यक्ष कशी वागते, हे वाड्यात अर्धा तास बसून पाहावे. तिचा वरचा ओठ मधोमध चिरलेला आणि अतिशय चपळ असतो, त्यामुळे ती काटेरी डहाळीतूनही एकेक पान वेगळे उचलू शकते. अनोळखी वस्तू प्रथम हुंगते, मग ओठाने चाळवते, मग एखादे पान तोडते आणि बाकीचे सोडून पुढे जाते. बघणाऱ्याला वाटते की तिला ते आवडले नाही. खरे तर ती नमुना घेऊन गेलेली असते. काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी ती पुन्हा येते आणि त्या नमुन्याने पोटात काय केले, यावर पुढचा घास लहान की मोठा हे ठरते. मेंढीच्या जिभेचा निकाल असा बराचसा तिच्या पोटाकडून येतो. कडू चवीचे ग्राहक जिभेपुरतेच नसून आतड्याच्या अस्तरातही असल्याचे आता सस्तन प्राण्यांत दिसून आले आहे, त्यामुळे गिळल्यावर कडूचा प्रश्न संपतो असेही समजू नये.

खाल्ल्यानंतरच्या परिणामावरून चव लक्षात ठेवण्याची ही शक्ती प्रथम उंदरांत दिसली. जॉन गार्सिया या अमेरिकी शास्त्रज्ञाने 1955 साली ती दाखवून दिली. मेंढ्यांमध्ये तिचा सखोल अभ्यास युटा राज्याच्या विद्यापीठात फ्रेड प्रोव्हेंझा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. मेंढीला एखादे नवीन खाद्य दिले आणि त्यानंतर लिथियम क्लोराइडने मळमळ निर्माण केली, तर ती ते खाद्य टाळू लागते, मग ते मुळात चविष्ट का असेना. याचाच उपयोग करून काही देशांत मेंढ्यांना द्राक्षवेलींची पाने न खाता बागेतले तण तेवढे चरायला शिकवले जाते. उलट बाजूनेही हेच घडते: चव बेताची पण पोटाला पोषण चांगले मिळाले, तर पसंती वाढत जाते. आपल्या कामाचा मुद्दा असा आहे की, एकाच वेळी जुने आणि नवीन असे दोन्ही खाल्ले आणि नंतर पोट बिघडले, तर मेंढी दोष नव्या चवीवर ठेवते. एखाद्या मेंढीने खळ्यावर जाऊन ज्वारी भरमसाठ खाल्ली आणि त्याच दिवशी आपण पहिल्यांदा नवे खाद्य चाखायला दिले, तर पोट ज्वारीने बिघडले तरी ते नवे खाद्यच नावडते होऊन बसते.

मग आपल्या मेंढ्यांनी जुनी, ओळखीची सरकीची ढेपही का सोडली? याचे कारण असे की आपण निंबोळी पेंड ढेपेत कालवून, एकजीव करून दिली. मेंढीपुढे जे आले ते ‘ढेप आणि निंबोळी’ असे दोन पदार्थ नव्हतेच, तर ढेपेचाच वास असलेला एक नवा कडू पदार्थ होता, आणि त्याने पोट जड झाले तेव्हा खूण म्हणून तिच्या लक्षात राहिला तो ढेपेचा वास. त्यातच गव्हाण धुतली गेली नसेल तर कडुलिंबाचा दर्प तिथे राहिला असणार. माझा सल्ला असा की पुढचे 10 ते 12 दिवस ढेप पूर्ण बंद ठेवावी आणि तेवढे दिवस तुरीची चुणी व हरभऱ्याचे कुटार यांवर भागवावे. गव्हाण घासून धुऊन उन्हात कोरडी करावी. त्यानंतर ढेप भिजवून, चुणीत मूठ-मूठ टाकून सुरू करावी, आणि ज्या मेंढ्यांनी ढेप सोडलेली नाही त्यांना नाकारणाऱ्या मेंढ्यांच्या शेजारीच बांधावे. मेंढी कळपाकडे पाहून खाते. शेजारीण बिनधास्त खात असेल तर तिची धास्ती लवकर मोडते. गूळ मिसळावा की नाही, असे अनेक जण विचारतात. गुळाचा वास मेंढीला ओढून आणतो, पण खऱ्या कडवटपणावर तो फार वेळ पांघरूण घालू शकत नाही, आणि गुळाचे प्रमाण वाढवत नेले तर पोटात आम्लता होण्याचा वेगळाच उपद्व्याप होतो. थोडासा गूळ ठीक आहे. तो उपाय आहे असे मात्र मानू नये.

सवय लावण्याबद्दल विचारलेत, तर सर्वांत खोल सवय कोकराला आईजवळ लागते. गाभण मेंढीने खाल्लेल्या पदार्थांच्या चवी गर्भातील पाण्यातून पिलापर्यंत पोहोचतात. गाभणपणी ओरेगॅनो या वासाच्या वनस्पतीचा अंश खाद्यातून दिलेल्या मेंढ्यांच्या कोकरांनी पुढे त्या वासाच्या खाद्याला पसंती दिल्याचे प्रयोगांत दिसले आहे. जन्मानंतर दुधातून आणि मग दीड-दोन महिन्यांच्या वयात आईच्या तोंडाशी तोंड लावून चरताना ते काय खावे आणि काय सोडावे हे शिकते. मोठ्या मेंढीला महिनाभर लागणारी गोष्ट कोकरू आठवड्यात उचलते. पुढील हंगामात आपल्याला कडवट पाल्याचा उपयोग करायचाच असेल तर मोठ्या मेंढ्यांशी झटापट करण्यापेक्षा कोकरांना आयांसोबत तो थोडा थोडा चाखू द्यावा. याचीच दुसरी बाजू बाजारातून आणलेल्या मेंढ्यांत दिसते. दुसऱ्या मुलखातून विकत आणलेला कळप आपल्या नाल्याकाठच्या झुडपांना ओळखत नाही. दिग्रस भागातील एका पालकाने दूरवरून 20 मेंढ्या आणल्या आणि दुसऱ्याच दिवशी नाल्याकाठी सोडल्या. त्यांतल्या 6 मेंढ्यांना रायमुनिया म्हणजे घाणेरी या विषारी झुडपाची बाधा झाली. त्याच काठावर वर्षानुवर्षे चरणाऱ्या त्याच्या जुन्या मेंढ्यांपैकी एकीलाही काही झाले नाही.

निंबोळी पेंडीविषयी स्वतंत्रपणे सांगणे भाग आहे. तिच्यात प्रथिने भरपूर असतात, म्हणून तिचा मोह पडतो, आणि बरेलीजवळच्या इज्जतनगर येथील भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेत तिचा कडवटपणा काढण्यावर पुष्कळ काम झाले आहे. निंबोळीच्या गराची पेंड पाण्याने धुऊन काढणे, किंवा युरियाच्या पाण्यात भिजवून काही दिवस हवाबंद मुरवून मग वाळवणे, या दोन पद्धती तिथे कोकरांवरही तपासल्या गेल्या, आणि अशी प्रक्रिया केलेली पेंड ती खात असल्याचे आढळले. परंतु आपण आणलेली पेंड ती नव्हे. कृषी केंद्रात मिळणारी निंबोळी पेंड खत म्हणून विकली जाते. तिच्यात टरफल, माती आणि कधी इतर अखाद्य पेंडीही असतात, आणि ती खाद्य म्हणून तयार केलेली नसते. ती मेंढ्यांना देऊच नये. कडुलिंबाच्या बियांतील द्रव्यांचा प्रजननावर विपरीत परिणाम होतो हे प्राण्यांत दिसलेले आहे, त्यामुळे पैदाशीच्या नराला तर कच्ची निंबोळी कोणत्याही रूपात देऊ नये. गडचिरोली-गोंदियाकडून स्वस्तात येणाऱ्या मोहाच्या पेंडीची गत थोड्याफार फरकाने अशीच आहे. तिच्यातील कडवटपणा सॅपोनिनचा असतो. मेंढ्यांनी नाकारली म्हणून आपली पेंड वाया गेली असे आपल्याला वाटले असेल. मला मात्र मेंढ्यांचा निर्णय या वेळी बरोबर वाटतो.

युरियाची चवही कडवट असते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. कुटारावर किंवा धानाच्या तणसावर युरियाची प्रक्रिया करताना 100 किलो वाळल्या चाऱ्यास 4 किलो युरिया सुमारे 50 ते 60 लिटर पाण्यात विरघळवून शिंपडतात, दाबून झाकतात आणि 21 दिवसांनी उघडतात. उघडलेला चारा लगेच मेंढ्यांपुढे टाकला तर अमोनियाच्या दर्पाने त्या तोंड फिरवतात. तो तासभर पसरून ठेवला आणि पहिले काही दिवस साध्या कुटारात मिसळून दिला तर खातात. युरिया-गुळाच्या चाटण विटेतही हा कडवटपणा थोडा उपयोगीच पडतो, कारण त्यामुळे जनावर वीट एकदम चावून न खाता चाटत राहते. पण या बंधनावर विसंबू नये. शेतात पिकाला देण्यासाठी टाकीत युरिया विरघळवून ठेवला आहे आणि तहानलेला कळप तिथे पोहोचला, अशा वेळी कडू असूनही मेंढ्या ते पाणी पितात आणि तासाभरात तडफडून मरतात. असे मी दोनदा पाहिले आहे, आणि दोन्ही वेळा महिना एप्रिलचाच होता.

औषधांच्या बाबतीत एकच सांगतो. जंतनाशकाची कडू गोळी किंवा पूड खाद्यात मिसळून देण्याची पद्धत सोडून द्यावी. ज्या मेंढ्या दबून असतात त्या थोडेच खातात, हुशार मेंढी गोळीचा भाग ओठाने बाजूला सारते, आणि मात्रा कोणाला किती गेली हे कळत नाही. शिवाय ढेपेचे जे झाले तेच त्या खाद्याचे होऊ शकते. औषध पाजायचे ते तोंडात, गालाच्या बाजूने, जिभेच्या मुळाकडे नळी ठेवून आणि डोके फार वर न उचलता. डोके वर ताणले तर औषध फुप्फुसात जाण्याचा धोका असतो.

आता आपला तिसरा प्रश्न, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा. कडू आहे म्हणून मेंढी विषारी वनस्पती टाळेल, या भरवशावर कळप सोडू नये. अमेरिकेतील टेक्सास राज्याच्या पश्चिम भागात एक तण आहे, ज्याच्या इंग्रजी नावाचा अर्थच ‘कडू तण’ असा होतो. ते खरोखर कडू असते आणि हिरवे गवत असेपर्यंत मेंढ्या त्याला तोंड लावत नाहीत. तरीही तिथल्या मेंढपाळांचे सर्वाधिक नुकसान ज्या वनस्पतींनी केले त्यांत या तणाचे नाव आघाडीवर आहे, कारण कुरण चरून उघडे पडले आणि गवत संपले की मेंढ्या तेच खातात. त्यातील विष सेस्क्विटर्पीन लॅक्टोन या वर्गातले आहे. आपल्या गाजर गवतातील पार्थेनिन याच वर्गातले. गाजर गवतही जनावरे एरवी टाळतात, पण टंचाईत खातात. गाई-म्हशींनी खाल्ले तर दूध कडवट होते, आणि ऑस्ट्रेलियात हे तण मिसळलेल्या खाद्यावर ठेवलेल्या मेंढ्यांच्या मांसाला त्याची चव उतरल्याचे नोंदले गेले आहे.

आपल्याकडे हा धोका कोणत्या महिन्यांत येतो, हे ओळखून ठेवावे. कापसाची उलंगवाडी झाली की शेते मोकळी होतात आणि मेंढ्या पऱ्हाटीत फिरतात. त्या काळात पाला-बोंडे भरपूर असतात, पोट भरलेले असते आणि मेंढी निवड करू शकते. मार्चनंतर धुरे पिवळे पडतात. मे महिन्यात नाल्याकाठी हिरवे राहते ते फक्त बेशरम आणि रायमुनिया. बेशरमीची गोष्ट तर कडू चवीच्या सगळ्या भरवशाला छेद देणारी आहे. सुरुवातीला जनावर तिला तोंड लावायला तयार नसते. उपासमारीत एकदा खाऊ लागले की मात्र तिची चटकच लागते, आणि पुढे चांगला चारा असला तरी ते तिच्याचकडे वळते. तिच्यातील स्वेनसोनीन हे विष हळूहळू मज्जासंस्थेवर परिणाम करते, चाल लटपटते, मान थरथरते, आणि हा परिणाम दिसायला कित्येक दिवस जात असल्याने पोटाला दोष कोणावर ठेवायचा हेच उमगत नाही. खाणे आणि त्रास यांत इतके अंतर पडले की मेंढीची शिकण्याची शक्ती लंगडी पडते. अशी चटक लागलेली मेंढी दिसली तर तिला कळपातून ताबडतोब वेगळी करावी, कारण बाकीच्या तिला पाहून शिकतात. रायमुनियाची बाधा झाली तर कान, नाक आणि डोळ्यांभोवतीची कातडी उन्हात होरपळल्यासारखी होते, डोळे पिवळे पडतात आणि रवंथ बंद होते. तेव्हा जनावर सावलीत ठेवून डॉक्टरांना बोलवावे. या उलट तरोट्याचे पाहा. पावसाळ्यात पडीत जमीन तरोट्याने झाकून जाते, आपण त्याच्या कोवळ्या पानांची भाजी करतो, पण हिरवा तरोटा सहसा कोणतेच जनावर खात नाही. जीभ आणि नाक यांनी मेंढीला वाचवण्याचे काम इथे चोख केलेले दिसते, पण पावसाळ्यात बाजूला गवत असते, हे विसरू नये.

आणि जे विष कडू नाही, त्याचे काय? ज्वारीचे कोवळे फुटवे मेंढीला गोड लागतात. पावसाचा ताण पडून मग सर आली की याच फुटव्यांत धुरिन नावाचे द्रव्य वाढलेले असते, पोटात त्यातून हायड्रोसायनिक आम्ल सुटते आणि किरळ म्हणजे हीच विषबाधा लागून मेंढी काही मिनिटांत कोसळते. शिकायला ती जिवंतच राहत नाही. सुबाभळीत मिमोसिन असते. पाला आवडीने खाल्ला जातो आणि काही आठवड्यांनी लोकर गळू लागते. पोटातील जे जिवाणू मिमोसिनपासून बनणारे विष मोडू शकतात ते हवाईमधील शेळ्यांच्या पोटात सापडले, आणि तिथून ते ऑस्ट्रेलियातील जनावरांत सोडण्यात आले. तेव्हा कुठे तिथे सुबाभूळ निर्धोकपणे चारता येऊ लागली. या दोन्ही ठिकाणी मेंढीच्या जिभेने कोणतीच सूचना दिलेली नसते.

म्हणून चराईचा माझा नियम भुकेभोवती बांधलेला आहे. एप्रिल-मेमध्ये मेंढ्या सकाळी नाल्याकडे नेण्याआधी वाड्यातच त्यांना पोटभर नाही तरी अर्धपोट तुरीचे किंवा सोयाबीनचे कुटार आणि पाणी द्यावे. बाजारातून आणलेल्या किंवा गाडीतून लांबून आलेल्या मेंढ्यांना पहिले दोन दिवस बाहेर सोडूच नये. कमरेएवढी उंच झालेली, फुलोऱ्यावर आलेली ज्वारी चालेल, गुडघ्याएवढी नको. आपल्या वाड्यामागच्या नाल्यावर बेशरम असल्याचे आपण लिहिले आहे. पूर्ण काठ साफ करणे एकट्याचे काम नाही, पण कळप पाण्यावर उतरतो तेवढा 40-50 फुटांचा तुकडा तरी मुळासकट उपटून टाकावा आणि उपटलेले ढीग तिथे सुकत ठेवू नयेत.

मेंढ्या कडू-तुरट पाला औषध म्हणून खातात, असे धनगर सांगतात. हे सरसकट खरे मानता येत नाही आणि सरसकट खोटेही नाही. युटामधीलच प्रयोगांत मेंढ्यांना टॅनिन किंवा धान्य अशा त्रास देणाऱ्या खाद्यांसोबत त्यांवरचा उतारा चाखायला शिकवले, तेव्हा पुढे त्रास झाल्यावर त्यांनी नेमका तोच उतारा निवडून खाल्ला. हे 2006 साली प्रसिद्ध झाले. बाभळीच्या शेंगा किंवा बोरीचा पाला यांतले टॅनिन माफक, म्हणजे एकूण कोरड्या खाद्याच्या 2 ते 4 टक्के असेल तर प्रथिनांचा उपयोग सुधारतो आणि हेमाँकस या रक्त पिणाऱ्या जंतावरही काही आळा बसतो. तेच 5-6 टक्क्यांच्या पुढे गेले तर मेंढीचे खाणे आणि पचन दोन्ही घटतात. हरणांच्या लाळेत टॅनिनला बांधणारी खास प्रथिने असतात, मेंढीच्या लाळेत तशी नसतात, त्यामुळे तिची मर्यादा लवकर येते. कडुलिंबाचा पाला खाल्ल्याने जंत जातात हे मात्र मेंढ्यांवरच्या चाचण्यांत खात्रीने दिसलेले नाही. पावसाळ्यात खालच्या पापणीचा आतला भाग उलटून पाहावा. तो लालऐवजी पांढुरका दिसला, किंवा जबड्याखाली पाणी उतरलेले दिसले, तर पाल्याची वाट न पाहता जंतनाशक पाजावे.

कडुलिंबाची गळून पडलेली पिवळी पाने आपल्या मेंढ्या अधूनमधून टिपताना दिसतील. त्यांना तेवढे खाऊ द्यावे, आणि फांदी शेळ्यांनाच टाकावी.